गेमचा कोड मुक्त केलात, आता चित्रांचं बघा

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीवर मी एक छोटा गेम केला होता. रॅम्प पडला की स्कूटर, गाड्या, मासळीच्या टोपल्या भराभर चढवायच्या, बोटीचा तोल सांभाळायचा आणि खारफुटीतल्या खंड्या पक्ष्याला न उडवता पलीकडचा धक्का गाठायचा. कोड सगळा माझाच, त्यामुळे त्याला जीपीएल (कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशी मुभा देणारं लायसन्स) लावायला अर्धा तासही लागला नाही. चित्रांच्या परवानग्या गोळा करायला मात्र चार महिने गेले. डेबियन या डिस्ट्रिब्युशनसाठी (लिनक्स प्रणाली आणि तिच्यावरचे प्रोग्रॅम एकत्र वाटणाऱ्या संचासाठी) माझं पॅकेज तपासणाऱ्या स्वयंसेवकाने साधा प्रश्न विचारला होता: हा खंड्या कोणी काढला, आणि त्याने तुम्हाला काय करायची मुभा दिली आहे? दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चित्र तीन वर्षांपूर्वी कुठून तरी उतरवलं होतं आणि ती साइट तोवर बंद झाली होती. खंड्या पुन्हा काढून घ्यावा लागला.

फोंडा, म्हापसा, मडगाव, डिचोलीची मुलं आता गोदो हे गेम इंजिन वापरून चांगले गेम करतात. आपला गेम डेबियनसारख्या डिस्ट्रिब्युशनमधून जगभर जावा असं त्यांतल्या काहींना वाटतं, आणि ते होण्यासारखं आहे. त्यांच्यासाठी ही सगळी वाट मी क्रमाने लिहितो आहे. मी वकील नाही. इथलं कायद्याचं बोलणं कॉपीराइट कायदा, १९५७ वाचून आणि हे काम करून जमलेलं आहे. पैशांचा मोठा व्यवहार असेल तर वकिलाला विचाराच.

डिस्ट्रिब्युशन नेमकं काय मागतं

डेबियनची मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक तत्त्वं १९९७ सालची. ती कोडपुरती आहेत की चित्रं, आवाज, दस्तऐवज यांनाही लागू, यावर बरीच वर्षं वाद चालला. २००४ मध्ये सदस्यांनी मतदान करून सामाजिक करारातली (वापरकर्त्यांना दिलेल्या वचननाम्यातली) भाषा बदलली आणि प्रश्न मिटवला: मुख्य विभागात जे जाईल ते सगळं मुक्त हवं. म्हणजे तुमच्या खंड्याला आणि फेरीच्या भोंग्यालाही कोडचेच नियम. कोणीही वाटावं, बदलावं, विकावं, कुठल्याही कामासाठी वापरावं.

जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका वेगळी आहे. चालणारा कोड मुक्त हवाच, पण गेममधली चित्रं, नकाशे अशा गोष्टी निदान जशाच्या तशा, व्यापारीसुद्धा, वाटायला मोकळ्या असतील तर त्यांना चालतात. फेडोरा हे दुसरं डिस्ट्रिब्युशनही कोड आणि आशय वेगळे मोजतं, मात्र ‘विनाव्यापार’ अट तिथेही बसत नाही. माझा सल्ला असा की सगळ्यांत कडक दार डेबियनचं आहे, तेच डोळ्यांसमोर ठेवा. तिथून आत गेलेली चित्रं सहसा दुसरीकडे अडत नाहीत.

पायरी १: फोल्डर उघडा आणि यादी करा

एक स्प्रेडशीट घ्या. गेममधली कोड नसलेली प्रत्येक फाइल एकेका ओळीत. रकाने पाच: फाइलचं नाव, कोणी केली, कुठून आणि कोणत्या तारखेला मिळाली, लायसन्स आवृत्तीसह, मूळ फाइल कुठे आहे. आयकॉन, बटणं, मेन्यूची पार्श्वभूमी, फॉन्ट, आवाज, लोडिंगच्या पडद्यावरचं चित्र, सगळं यात येतं. छोट्या आयकॉनला कोण विचारणार असं वाटतं, पण विचारतात.

ज्या ओळीत ‘कुठून’ हा रकाना रिकामा राहील ती फाइल लगेच बाजूला काढा. चित्रात लपलेली माहिती पाहण्यासाठी एक्झिफटूल चालवा, कधीकधी चित्रकाराचं नाव तिथे सापडतं. नाहीच सापडलं तर चित्र बदला. आठवणीवर लायसन्स लिहू नका.

पायरी २: लायसन्स नीट वाचा, आवृत्तीसकट

‘क्रिएटिव्ह कॉमन्स आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. सीसी झीरो (सगळे हक्क सोडलेले), सीसी बाय (नाव द्यायची अट) आणि सीसी बाय-एसए (नाव, शिवाय बदललेलं कामही त्याच अटींवर) ही मुक्त आहेत, तीही शेवटच्या दोघांची आवृत्ती ३.० किंवा ४.० असेल तर. २.० आणि २.५ डेबियन मुक्त मानत नाही. चित्रकार संपर्कात असेल तर त्याला तेच चित्र ४.० खाली पुन्हा द्यायची विनंती करा. बहुतेक जण आनंदाने देतात.

एनसी, म्हणजे व्यापारी वापर नको, आणि एनडी, म्हणजे बदल नको, ही दोन अक्षरं दिसली की थांबा. डेबियनचं सहावं तत्त्व सांगतं की कोणत्याही क्षेत्रातल्या वापराला मज्जाव करता येणार नाही. तिसरं तत्त्व बदल करायची मुभा मागतं.

‘रॉयल्टी-फ्री’ हा शब्दही फसवतो. गेम इंजिनांच्या दुकानांतून विकत घेतलेलं चित्र तुमच्या गेममध्ये वापरता येतं, पण मोकळ्या फाइलीच्या रूपात पुढे वाटता येत नाही. डिस्ट्रिब्युशनमध्ये तर प्रत्येक फाइल मोकळीच जाते.

फुकट फोटोंच्या साइटींबाबत तारीख महत्त्वाची असते. अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये सीसी झीरो सोडून स्वतःच्या अटी लावल्या. त्याआधी उतरवलेला फोटो सीसी झीरोखालचा, नंतरचा नाही. म्हणून उतरवलं त्या दिवशीच पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि इंटरनेट आर्काइव्हवर त्या पानाची प्रत साठवा. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलं असतं तर माझा पहिला खंड्या वाचला असता.

तयार चित्रं हवी असतील तर केनी या साइटवरचे संच सीसी झीरोत आहेत. ओपनगेमआर्टवर भरपूर माल आहे, पण प्रत्येक चित्राचं लायसन्स वेगळं, तेव्हा पान उघडून वाचायचंच. २०१२ च्या लिबरेटेड पिक्सेल कप स्पर्धेतली माणसं अनेकांनी वापरलेली तुम्ही पाहिली असतील. ती सीसी बाय-एसए ३.० आणि जीपीएल ३ अशा दुहेरी लायसन्सखाली आली. त्यात एकाने अंग काढलेलं असतं, दुसऱ्याने केस, तिसऱ्याने सदरा. एकच बाहुली वापरलीत तरी श्रेय तिघांचं लिहायचं.

पायरी ३: गोव्यातून उचललेल्या गोष्टी

इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडचा गेम म्हटला की भोवतालचं काहीतरी त्यात येणारच, आणि ते यावंच.

कावी आधी. देवळाच्या भिंतीवरची जुनी कावी, ती तांबडी वेलबुट्टी, परंपरेची आहे. तुम्ही स्वतः फोटो काढून त्यावरून नक्षी काढलीत तर अडचण नाही. पण आजच्या एखाद्या कलाकाराने कावीच्या ढंगात केलेलं नवं चित्र त्याचं आहे, आणि दुसऱ्याने देवळाचा काढलेला फोटो त्या फोटोग्राफरचा. परंपरा सर्वांची असली तरी नेटवर मिळालेली फाइल कोणा एकाची असते. देवस्थान समितीला विचारणं कायद्याने लागो न लागो, मी विचारतो.

पुतळे आणि इमारतींसाठी कायद्याचं कलम ५२ उपयोगी पडतं. सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पाचं किंवा इमारतीचं चित्र काढणं, फोटो घेणं हे उल्लंघन ठरत नाही. पणजीत जुन्या सचिवालयाजवळचा अबे फारिया यांचा पुतळा काढा, फोंतैन्यासमधली घरं काढा. यात ‘कायम’ हा शब्द लक्षात ठेवा. दिवाळीतला नरकासुर एका रात्रीचा, पहाटे जाळला जातो. शिगम्यातले चित्ररथही काही दिवसांचे. ते या सवलतीत बसत नाहीत. वाड्यावरच्या मुलांनी रात्रीच्या रात्री जागून केलेला नरकासुर गेममध्ये हुबेहूब आणायचा असेल तर त्या मुलांना विचारा आणि श्रेयात त्यांचं नाव घाला. स्वतःच्या कल्पनेतला नरकासुर काढलात तर प्रश्नच नाही.

भिंतीवरची रंगवलेली चित्रंही या सवलतीत येत नाहीत. पणजीच्या मार्केटातली मारिओ मिरांडांची चित्रं पाहून हात शिवशिवतो खरा. मिरांडा २०११ मध्ये गेले. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. त्यांची शैली मनात ठेवून स्वतःची माणसं काढता येतील, त्यांची माणसं उचलता येणार नाहीत.

हाच हिशेब बाकीच्यांना लावा. मडगावला जन्मलेले दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. त्यांची दिवाळी अंकांवरची चित्रं घराघरांत आहेत, पण हक्क २०३१ संपेपर्यंत आहेत. आंजेलो द फोन्सेका गेले १९६७ मध्ये, त्यांची चित्रं भारतात २०२८ उजाडताच मोकळी होतील. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या निळ्या अझुलेझु (पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या) फरशा जॉर्ज कोलासो यांच्या. ते १९४२ मध्ये वारले, त्यामुळे ती चित्रं केव्हाच मोकळी झाली आहेत. अनेक देशांत मात्र ही मुदत ७० वर्षांची आहे आणि डेबियनचे मिरर (प्रती ठेवणारे सर्व्हर) जगभर असतात, म्हणून काठावरचं उदाहरण असेल तर मी ते सोडून देतो. रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्यावर कोरलेले बैल, मोर आणि तो चक्रव्यूह मात्र कोणाच्याही हिशेबात येत नाहीत. तिथे जाऊन स्वतः रेखाटनं करा. गेमसाठी याहून सुंदर सामग्री मला तरी ठाऊक नाही.

पायरी ४: ओळखीच्या माणसाकडूनही लिहून घ्या

दुसरा खंड्या साखळीच्या माझ्या मावसभावाने काढला. तो तेव्हा अकरावीत होता. मला वाटलं, घरचाच मुलगा, लिहून काय घ्यायचं? पण चित्र त्याचं, म्हणजे हक्कही त्याचाच. मी गेम केला म्हणून चित्राचा मालक होत नाही. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेलं चित्र वेगळा करार नसेल तर मालकाचं असतं. पैसे देऊन करून घेतलेल्या फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेटचा पहिला हक्कही करार नसेल तर पैसे देणाऱ्याकडे जातो. मित्राने प्रेमाने काढून दिलेल्या चित्राला यातलं काहीच लागू नाही.

कायद्याच्या कलम ३० प्रमाणे लायसन्स लेखी हवं. कलम १९ मधल्या अटी लायसन्सलाही लागतात: मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘वापर रे दादा, माझी हरकत नाही’ या व्हॉट्सॲप मेसेजवर जगभर वाटायचा गेम उभा राहत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मजकुरात जगभर आणि संपूर्ण मुदत हे दोन्ही आधीच लिहिलेलं असतं, म्हणून लायसन्सचं पूर्ण नाव घ्यायचं. मी ईमेलवर हा मजकूर मागवतो:

> खाली यादी दिलेली चित्रं मी स्वतः काढली आहेत आणि त्यांचे हक्क माझ्याकडे आहेत. ही चित्रं मी क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० इंटरनॅशनल या लायसन्सखाली, जगभरासाठी आणि कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी सर्वांना देत आहे. यात बदल करण्याची आणि व्यापारी वापराची परवानगी येते, हे मी समजून घेतलं आहे. श्रेय ‘…’ या नावाने द्यावं. मूळ फाइली सोबत जोडल्या आहेत. फाइलींची यादी: … तारीख: …

२००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक मजकुराला लेखी मजकुराची मान्यता दिली आहे, त्यामुळे ईमेल पुरतो. मावसभाऊ अठराच्या आतला होता आणि अल्पवयीन मुलाला करार करता येत नाही. म्हणून मावशीने लिहून दिलं.

देण्याआधी तिने मला समोर बसवलं. "म्हणजे उद्या कोणी ह्याचा पक्षी छापून विकला तर?"

"विकू शकतो, मावशी. कळंगुटच्या दुकानात टी-शर्टवरही छापू शकतो."

"आणि ह्याला काय मिळणार?"

मी तिला खोटा दिलासा दिला नाही. पैसे मिळतील असं काही नाही. नाव द्यावं लागेल, आणि चित्रात बदल करून कोणी नवं चित्र केलं तर तेही याच अटींवर सर्वांना द्यावं लागेल. हे सांगितल्यावर ती मुलाकडे वळली आणि निर्णय त्याच्यावर सोडला. तो हो म्हणाला. नाही म्हणाला असता तर ते मान्य करायचं आणि दुसरं चित्र शोधायचं. चित्रकाराला अर्धवट सांगून होकार घेऊ नका. एकदा दिलेलं क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स मागे घेता येत नाही, आणि हे त्याला आधी कळायला हवं.

पायरी ५: मूळ फाइली मागून घ्या

जीपीएलमध्ये सोर्सची व्याख्या आहे: बदल करण्यासाठी जे रूप सोयीचं ते. चित्राला जीपीएल असेल तर पीएनजीच्या जोडीला थर शाबूत असलेली क्रिटा किंवा गिंपची फाइल द्यायला हवी, त्रिमितीय बोट असेल तर ब्लेंडरची. क्रिएटिव्ह कॉमन्स सोर्स मागत नाही, पण डेबियनची माणसं विचारतात, आणि पाच वर्षांनी फेरीचा रंग बदलायचा झाला तर तुम्हालाच ती फाइल हवी असते. चित्रकाराने थर ठेवलेच नसतील, थेट पीएनजीवरच काम केलं असेल, तर तीच पीएनजी सोर्स. नसलेल्या फाइलीसाठी कोणाला छळू नका.

सोर्समधून चित्रं तयार करायला एखादं मालकी सॉफ्टवेअर लागत असेल तर पॅकेज मुख्य विभागात बसणार नाही. एसप्राइट अनेकांच्या हातात असतं, पण २०१६ पासून त्याचं लायसन्स मुक्त राहिलेलं नाही. चित्र त्यात काढायला हरकत नाही. फक्त तयार पीएनजीही सोबत ठेवा आणि बिल्डच्या वेळी ते चालवावं लागू देऊ नका.

कोड आणि चित्रं वेगळ्या फोल्डरांत ठेवा. सीसी बाय-एसए ४.० मधलं काम जीपीएल ३ मध्ये नेता येतं, अशी घोषणा २०१५ मध्ये झाली. उलट दिशेने येता येत नाही, आणि फक्त जीपीएल २ असलेल्या कोडला ही सोय नाही. चित्र कोडच्या फाइलीत कोंबलंत तर हा गुंता तुमच्या गळ्यात पडतो.

फॉन्ट आणि आवाज

देवनागरी फॉन्टसाठी मुक्ता किंवा लोहित घ्या, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. फॉन्टमधली अक्षरं कमी करून फाइल हलकी करणार असाल तर लायसन्समध्ये आरक्षित नाव आहे का ते बघा. असेल तर बदललेल्या फॉन्टला नवं नाव द्यावं लागतं. त्याहून सोपं म्हणजे फॉन्ट गेममध्ये घालूच नये, डेबियनमधल्या लोहितच्या पॅकेजवर अवलंबून राहावं. मराठी ल आणि श पडद्यावर मराठी वळणाचे येतात का, तेवढं मात्र डोळ्यांनी तपासा.

आवाजासाठी फ्रीसाउंडवर शोधताना लायसन्सचा फिल्टर लावा, तिथे एनसीही बरंच आहे. फेरीचा भोंगा मी धक्क्यावर उभा राहून मोबाइलवर टिपला.

पायरी ६: नोंद गेमच्या आतच ठेवा

स्प्रेडशीट तुमच्या लॅपटॉपवर राहिली तर तिचा इतरांना उपयोग नाही. एफएसएफई या युरोपीय संस्थेची रीयूज नावाची पद्धत वापरा. लायसन्सेस नावाच्या फोल्डरात प्रत्येक लायसन्सचा पूर्ण मजकूर ठेवायचा. पीएनजीच्या आत मजकूर लिहिणं गैरसोयीचं, म्हणून तिच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘डॉट लायसन्स’ जोडलेली छोटी फाइल करायची. आत दोन ओळी: हक्क कोणाचे व कोणत्या सालचे, आणि लायसन्सचं एसपीडीएक्स नाव (ठरलेलं प्रमाण लघुनाम). मग रीयूजचा लिंट हा आदेश चालवा. कोणती फाइल नोंदीविना राहिली ते तो सांगतो. माझ्या गेममध्ये पहिल्यांदा चालवला तेव्हा मी विसरलेले अकरा आयकॉन निघाले.

डेबियनचं पॅकेज करताना यातूनच कॉपीराइट फाइल तयार होते. तिच्यात फाइली, कॉपीराइट, लायसन्स असे परिच्छेद असतात, आणि एकाच फाइलीला दोन परिच्छेद लागू पडले तर शेवटचा धरला जातो. म्हणून सगळ्यांना लागू पडणारा सर्वसाधारण परिच्छेद सर्वांत वर, अपवाद खाली. उलटं लिहिलंत तर मावसभावाचा खंड्या तुमच्या नावावर जातो.

गेमच्या आत श्रेयाचा पडदाही हवा. सीसी बाय लावलेल्या चित्राला नाव, लायसन्सचा दुवा आणि काही बदल केले असतील तर तसा उल्लेख लागतो.

एखादं चित्र सुटतच नसेल तर

कधी सगळा गेम एकाच मालकीच्या चित्रसंचावर उभा असतो. तेव्हा कोड आणि चित्रं यांची दोन पॅकेजं होतात. अमुक्त चित्रं वाटण्याची तरी परवानगी असेल तर ती नॉन-फ्रीमध्ये जातात, आणि त्यांच्यावाचून न चालणारा मुक्त कोड कॉन्ट्रिबमध्ये. हे दोन्ही विभाग अधिकृत डेबियनचा भाग मानले जात नाहीत. वाटायचीच परवानगी नसेल तर कुठेच जागा नाही. गेमच्या मूळ सोर्सच्या आर्काइव्हमध्ये असं चित्र राहिलं असेल तर ते काढून आर्काइव्ह नव्याने बांधतात आणि आवृत्तीच्या क्रमांकाला डीएफएसजी (डेबियनच्या त्या तत्त्वांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) अशी अक्षरं जोडतात.

चित्रं बदलून घेणं हा लांबचा पण खरा मार्ग. ओपनटीटीडी हा मुक्त गेम सुरुवातीला ट्रान्सपोर्ट टायकून या जुन्या गेमच्या मूळ चित्रांवाचून चालत नव्हता. चाहत्यांनी ओपनजीएफएक्स हा नवा संच काढला आणि तो गेम मोकळा झाला. डूम या गेमचा कोड १९९७ मध्ये खुला झाला आणि १९९९ मध्ये जीपीएलखाली आला, चित्रं मात्र मालकीचीच राहिली. फ्रीडूमने त्यांच्या जागी सगळं नवं केलं. ही कामं अनेक माणसांनी वर्षानुवर्षं केली. तुमच्या गेममध्ये चाळीस चित्रं असतील तर एका सुट्टीत होतील.

पाठवताना

डेबियनच्या गेम टीमशी आधी बोला, मग पॅकेज करण्याचा इरादा नोंदवा. नवं पॅकेज रांगेत थांबतं आणि तिथे माणसं कॉपीराइट फाइल ओळीओळीने वाचतात. प्रश्न आला तर चित्रकाराचं ईमेल, स्क्रीनशॉट, इंटरनेट आर्काइव्हचा दुवा जसंच्या तसं द्या, लांबलचक खुलासे नकोत. परवानगीच्या ईमेलची एक प्रत मी गेमच्या भांडारातच ठेवतो, पत्ते आणि फोन नंबर पुसून. दुसऱ्यांदा पाठवलं तेव्हा खंड्याबद्दल काहीच विचारलं गेलं नाही. प्रश्न आला तो भोंग्याबद्दल, आणि त्याच्या शेजारच्या फाइलीत तारीख होती, धक्क्याचं नाव होतं आणि रेकॉर्डिंग करणारा म्हणून माझं नाव होतं.